दोन सेकंदांत काळा पडणारा मॉनिटर: एका दुरुस्तीचं प्रकरण

मॉनिटर १९ इंची, चौकोनी तोंडाचा, १२८० बाय १०२४ चा. मागच्या स्टिकरवर साल २००७. म्हणजे आत एलईडी नाहीत. पडद्यामागे वर दोन आणि खाली दोन अशा चार बारीक ट्यूब आहेत, ज्यांना सीसीएफएल म्हणतात. हा नग पुण्यातल्या एका दुकानात बिलिंगला होता. नवा आल्यावर दोन वर्षं माळ्यावर पडला आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी पुन्हा खाली उतरला.

तक्रार अशी: बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो, कंपनीचं चिन्ह दिसतं आणि दोन सेकंदांत पडदा काळा होतो. हिरवा दिवा मात्र चालूच. बटण बंद-चालू केलं की पुन्हा तेच. कधीकधी तेवढंही नाही. नुसता दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत राहतो. मालकांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यात कामाची निघाली. माळ्यावर टाकण्याआधी सकाळी तो लवकर चालू होत नसे, चार-पाच वेळा बटण दाबावं लागे, आणि एकदा लागला की दिवसभर नीट चाले.

थंड असताना अडणारा आणि तापल्यावर चालणारा पॉवर सप्लाय दिसला की पहिला संशय इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवर घ्यावा. जुने मेकॅनिक यालाच कंडेन्सर म्हणतात. आतला द्राव सुकत गेला की कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. तापमान चढलं की उरलेल्या द्रावातून वीज जरा बरी वाहते, रोध उतरतो आणि सप्लाय कसाबसा उभा राहतो. तापल्यावर चालण्याचं दुसरंही एक कारण असतं. ते इथेही होतं, पण ते कळायला कॅपॅसिटर बदलून व्हावे लागले.

उघडण्याआधी

पेच काढण्याआधी दोन मिनिटांची एक परीक्षा करायची. खोलीत अंधार करून मॉनिटर चालू करायचा आणि पडदा काळा पडल्यावर टॉर्च तिरका धरून अगदी जवळून बघायचं. इथे डेस्कटॉपचे आयकॉन पुसट, पण स्पष्ट दिसले. म्हणजे पॅनल, त्याची केबल आणि चित्र तयार करणारा लॉजिक बोर्ड ठीक आहेत. चित्र तयार होतंय, फक्त मागचा उजेड मेला आहे. टॉर्चमध्ये काहीच दिसलं नसतं तर तपासाची दिशा वेगळी झाली असती. आणि पडद्यावर उभ्या रेषा असत्या तर काम तिथेच थांबवलं असतं. त्या रेषा काचेच्या कडेला चिकटवलेल्या फितींच्या दोषातून येतात आणि घरच्या सोल्डरिंग आयर्नने ते जोड होत नाहीत.

आत उजेडाचं काम इन्व्हर्टर करतो. पॉवर बोर्डावरची १३ व्होल्टची डीसी लाइन घेऊन तो साधारण ५० किलोहर्ट्झचा एसी बनवतो आणि प्रत्येक ट्यूबला चालताना ६०० ते ८०० व्होल्ट देतो, पेटताना त्याच्या दुपटीच्या आसपास. त्याचा कंट्रोलर आयसी ट्यूबा पेटेपर्यंत थोडा वेळ गप्प बसतो, मग प्रत्येक ट्यूबचा करंट पाहतो. एकीचा जरी कमी आला, तरी चारही बंद करून कुलूप लावल्यासारखा बसतो. बटण बंद करून पुन्हा चालू केलं तरच उघडतो. ‘दोन सेकंदांत काळा’ हा म्हणजे बिघाड नव्हे, संरक्षणाचा निर्णय आहे. तो निर्णय कशामुळे झाला हे शोधायचं. पुरवठा गढूळ असेल, ट्यूब संपली असेल, ट्रान्सफॉर्मर तुटला असेल किंवा यांच्यामधला एखादा जोड सुटला असेल.

उघडणं

पिन भिंतीतून काढून बटण दाबून ठेवावं आणि दहा मिनिटं थांबावं. पडदा खाली करून मऊ चादरीवर ठेवला, स्टँडचे चार स्क्रू काढले. पुढची चौकट खाचांवर अडकवलेली असते. तिच्या फटीत जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवत गेलं की खाचा एकेक करून सुटतात. स्क्रू ड्रायव्हर घातला तर कड फुटते, क्वचित पॅनलची काचही. खालच्या बटणांच्या पट्टीला बारीक फीत असते, चौकट झटक्याने ओढली की ती तुटते. मग पत्र्याच्या डब्याबाहेर आलेली चार ट्यूबांची सॉकेटं, गुलाबी-पांढऱ्या आणि निळ्या-काळ्या तारांची, काढली. कुठली कुठे होती त्याचा फोटो आधी.

आत दोन बोर्ड. एक छोटा, लॉजिकचा. दुसरा तपकिरी, पॉवर आणि इन्व्हर्टर एकत्र असलेला. या दुसऱ्याला हात लावण्याआधी मोठा कॅपॅसिटर पाहायचा: १५० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. २३० व्होल्टच्या मेन्सवर तो सुमारे ३२५ व्होल्टला भरतो. सप्लाय धड चालू होत नसला की हा भार ओढून घेणारं कोणी नसतं, म्हणून मेलेल्या बोर्डावर तो चालत्या बोर्डापेक्षा जास्त वेळ भरलेला राहतो. दहा मिनिटांनंतरही इथे मल्टिमीटरवर ४१ व्होल्ट मिळाले. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारांनी दोन्ही टोकांना दहा सेकंद धरला, मग पुन्हा मोजलं. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी काढणारे बरेच आहेत. त्यात बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उडतो आणि डोळ्याला धोका असतो.

इथे एक सूचना. हे सगळं सपाट, एलसीडी मॉनिटरबद्दल आहे. पिक्चर ट्यूबच्या जुन्या रंगीत मॉनिटरमध्ये ट्यूबच्या टोपीखाली २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो टिकतो. ते काम हात बसलेल्या माणसाचं.

कॅपॅसिटर

डोळ्याला दोन दिसले. १३ व्होल्टच्या लाइनवरचा ८२० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा डोक्यावर घुमटासारखा फुगलेला. ५ व्होल्टच्या लाइनवरच्या दोन १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टच्यांपैकी एकाच्या डोक्यावरची खाच फाटून तपकिरी खपली धरलेली. दोन्ही डायोडच्या हीटसिंकला जवळजवळ चिकटून. बोर्ड आखणाऱ्याने जागा वाचवली आणि कॅपॅसिटर चुलीशेजारी बसवले. उष्णता दहा अंशांनी कमी झाली की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. इथे हिशोब उलट्या बाजूने चालला होता.

फक्त फुगलेले दोन बदलून बोर्ड बंद करण्याचा मोह होतो. म्हणून बाकीचेही काढून हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या कंपोनंट टेस्टरवर लावले. फुगलेल्या ८२० चा ईएसआर १.८ ओहम, चांगल्या लो-ईएसआर नगात तो ०.०३ च्या आसपास असतो. फाटलेल्या १००० ची क्षमता १४० मायक्रोफॅरडवर उतरलेली. त्याच्या शेजारचा, दिसायला टवटवीत, ७८० मायक्रोफॅरड आणि ०.६ ओहम: म्हणजे आज ना उद्या जाणाराच. १३ व्होल्टवरचा ३३० मायक्रोफॅरडचा बरा होता. खरा धक्का मेन्सच्या बाजूच्या एका चिमुकल्या ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टच्या नगाने दिला. ना फुगवटा, ना खपली, आणि मोजल्यावर ११ मायक्रोफॅरड, ईएसआर १४ ओहम. हा पॉवर सप्लाय चालवणाऱ्या स्विचिंग आयसीला स्वतःचा पुरवठा देतो. तो सुकला की आयसी सुरू होतो, पुरवठा कोसळतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. हिरवा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत होता तो यामुळे. छोटे कॅपॅसिटर फुगत नाहीत, गुपचूप सुकतात. नुसती नजर टाकणाऱ्या माणसाच्या हातून ते सुटतात.

मोठा ४५० व्होल्टचा मोजून १४२ मायक्रोफॅरड निघाला, तो ठेवला.

नवे घेताना नुसतं ‘हजार पंचवीस द्या’ म्हटलं तर काउंटरवर साधा, ८५ अंशांचा नग हातात पडतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ‘लो ईएसआर, १०५ डिग्री’ असं स्पष्ट मागावं लागतं. पॅनासोनिकची एफआर, रुबिकॉनची झेडएलएच, निचिकॉनची एचई या मालिका या कामाच्या. साधा नग बसवला तर मॉनिटर त्या दिवशी चालू होतो आणि काही महिन्यांत तीच तक्रार परत येते, कारण स्विचिंग सप्लायचा हेलकावणारा करंट त्याला सोसत नाही.

व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा एक पायरी वर चालतं. ८२० मिळाला नाही, तिथे १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट बसवला. १० व्होल्टच्या जागी १६ व्होल्टचे. पण क्षमता दुप्पट-तिप्पट करू नये. चालू होताना तो भरायलाच इतका करंट लागतो की सप्लाय स्वतःला ओव्हरलोड समजून बंद होतो. व्यास १० मिलिमीटर आणि पायांतलं अंतर ५ मिलिमीटर आधी मोजून जावं. उंची २५ मिलिमीटरपर्यंत इथे मावली, मागचा पत्रा थोडा दूर होता म्हणून.

बोर्ड एकपदरी, कागदी फिनॉलिकचा. एका बाजूला तांबं आणि छिद्रांना आतून मुलामा नाही. असा बोर्ड सोपाही आणि नाजूकही. मुलामा नसल्यामुळे पाय पटकन सुटतो, पण आयर्न चार सेकंदांच्या वर टेकवला की पॅड, म्हणजे जोडाखालची तांब्याची टिकली, उचकटून येतो. आयर्न ३५० अंशांवर ठेवला. २००६ नंतरच्या बहुतेक बोर्डांवर शिसेविरहित सोल्डर असतं; ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, ६०/४० चं शिशाचं सोल्डर १८३ पासूनच मऊ पडू लागतं. म्हणून जुन्या जोडावर आधी थोडं नवं ६०/४० वितळवायचं, दोन्ही मिसळू द्यायचं, मग पंपाने ओढायचं. पाय आलटून पालटून तापवत कॅपॅसिटर हलवत काढायचा.

ध्रुव उलटा बसला तर कॅपॅसिटर फटाक्यासारखा फुटतो. कॅपॅसिटरवरची पट्टी ऋण बाजूची असते आणि बोर्डावर बहुधा ऋण बाजू रंगवलेली. पण ‘बहुधा’वर विसंबू नये, जुना काढण्याआधी फोटो घ्यावा. ८२० च्या तळाशी पिवळट डिंक वाळून तपकिरी झालेला होता. हा डिंक जुना आणि कडक झाला की वीज वाहू देतो आणि शेजारचे पाय खातो. तोही टोकदार चिमट्याने खरवडून काढला. नवा कॅपॅसिटर किंचित बाहेर झुकवला, हीटसिंकपासून ३ मिलिमीटर दूर.

पहिली चाचणी, आणि पुन्हा काळोख

थेट भिंतीत पिन घालू नये. मेकॅनिकांकडे असतो तसा सिरीज बोर्ड, म्हणजे मेन्स आणि मॉनिटर यांच्यामध्ये १०० वॉटचा तारेचा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि बोर्ड वाचतो. नसेल तर क्षणभर लालसर होऊन विझतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही, त्यात तो गुणच नाही. दोन वर्षं न वापरलेला मोठा कॅपॅसिटर सुरुवातीला जरा जास्त करंट पितो, म्हणूनही हा आडोसा बरा.

बल्ब क्षणभर लालसर होऊन विझला. मल्टिमीटरची काळी पिन पत्र्याच्या डब्याला लावून मोजलं: दुरुस्तीआधी ५ व्होल्टची लाइन ३.८ ते ४.४ मध्ये हेलकावत होती, आता ५.१ ला स्थिर. १३ ची लाइन १०.९ वरून १३.३ ला आली. मेन्सच्या बाजूचं ऋण आणि डब्याचं ऋण वेगवेगळी असतात. बोर्डावरची जाड पांढरी रेष ही त्यांच्यामधली सीमा. त्या रेषेपलीकडे चालू बोर्डावर पिन नेऊ नये.

ट्यूबा जोडल्या, बटण दाबलं. लुकलुकणं गेलं. चित्र आलं. आणि दोन सेकंदांनी पडदा काळा.

या ठिकाणी पुष्कळ मॉनिटर भंगारात जातात. ‘कॅपॅसिटर बदलले, तरी नाही झालं, म्हणजे पॅनल गेलं.’ खरं तर आताच तपास सोपा झाला होता, कारण पुरवठा संशयितांच्या यादीतून गेला.

ट्यूबांच्या सॉकेटवर चालू असताना मल्टिमीटर लावायचा नाही. तो ५० हर्ट्झच्या हजार व्होल्टपर्यंत सांगायला बनवलेला. ५० किलोहर्ट्झवर आकडा खोटा आणि मीटर धोक्यात. त्याऐवजी पूर्ण पांढरं चित्र लावून ते दोन सेकंद नीट पाहिले, चार वेळा. वरचा भाग दुधासारखा, खालचा किंचित मळकट. म्हणजे खालच्या जोडीत एक ट्यूब पेटत नाही. ती ट्यूब वरच्या एका चांगल्या सॉकेटला लावून पाहिली (तार जेमतेम पोचली) आणि वरची खाली. मळकटपणा खालीच राहिला असता तर ट्यूब दोषी होती. पण तो खालून निघून वरच्या जोडीत गेला. आता खालच्या सॉकेटला लावलेली वरची ट्यूबच पेटेना. दोष बोर्डावर.

पुन्हा पिन काढली, मोठ्या कॅपॅसिटरमधला भार उतरवला. बोर्डावर दोन उच्चदाब ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकाला दोन सेकंडरी, म्हणजे ट्यूबांकडे दाब देणारी, वेटोळी. चारही सॉकेटच्या दाबाच्या पिनपासून वेटोळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत रोध मोजला: ८६८, ८७४, ८७१ ओहम, आणि चौथा अनंत. वेटोळं तुटलं म्हणून ट्रान्सफॉर्मर शोधायला निघण्याआधी एक मोजमाप बाकी होतं. मीटरची पिन सॉकेटवरून उचलून ट्रान्सफॉर्मरच्या पायाच्या उघड्या टोकावर, अगदी सोल्डरच्या बाहेर आलेल्या टोकावर, हलकेच टेकवली. ८७० ओहम. पिन पायावर असताना ८७०, पाव मिलिमीटर बाजूला पॅडवर सरकवली की काहीच नाही. जोराने दाबली असती तर पॅडवरही आकडा आला असता आणि दोष लपला असता.

भिंगाखाली पायाभोवती केसाएवढी करडी अंगठी दिसत होती. ड्राय सोल्डर, म्हणजे वरून धड दिसणारा पण आतून सुटलेला जोड. शेजारी बोर्डावर मसुराएवढा तांबूस डाग: हजारभर व्होल्ट त्या फटीतून उडी मारत होते, त्याची खूण. कारण साधं आहे. ट्रान्सफॉर्मर जड, रोज तापतो आणि निवतो, आणि बोर्डाच्या छिद्राला मुलामा नसल्यामुळे सगळं वजन आणि सगळी ओढाताण त्या एका थेंबावर. शिसेविरहित सोल्डर ताठ, ते वाकण्याऐवजी तडकतं. गरम झाल्यावर फट मिटायची, म्हणून दुकानात मॉनिटर एकदा लागला की दिवसभर चाले. सकाळच्या त्या लक्षणाला दोन कारणं होती, एकाच वेळी.

अशा जोडावर नुसता आयर्न टेकवून सोल्डर वितळवलं तर दोन महिने जातात. पायावर काळपट थर चढलेला असतो आणि नवं सोल्डर त्याला धरत नाही. जुनं सगळं ओढून काढलं, पाय ब्लेडने चकचकीत होईपर्यंत खरवडला, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावून ६०/४० ने भरला. तांबूस डाग जळून कोळसा झालेला नाही ना हे पाहिलं. झालेला असता तर तेवढं खरडून काढावं लागतं, कारण कोळशातून उच्च दाब पुन्हा वाट काढतो. मग दोन्ही ट्रान्सफॉर्मरचे सगळे पाय, चार सॉकेटं आणि इन्व्हर्टरच्या मॉसफेटचे (स्विचसारखं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) पाय याच पद्धतीने पुन्हा केले. अर्धा तास गेला, पण पुढचा तडकणारा जोड तिथेच कुठेतरी असतो.

नंतर

चारही ट्यूबा टिकल्या. सिरीज बल्ब काढून, सगळं डब्यात बसवून, मॉनिटर पांढऱ्या चित्रावर चार तास ठेवला. मेन्सवरून ओढलेली वीज ३६ वॉट, शेवटपर्यंत स्थिर. नव्या चार कॅपॅसिटरना, सोल्डरला मिळून दोनशे रुपयांच्या आत खर्च आला, रिक्षा वेगळी. वेळ मात्र साडेतीन तास, त्यातला निम्मा मोजण्यात.

एक गोष्ट तशीच सोडली. चालू केल्यावर पहिला अर्धा मिनिट डाव्या कडेला गुलाबी झाक दिसते. ट्यूबा म्हाताऱ्या झाल्याची ती खूण. अजून वर्ष-दोन वर्षं ढकलतील. त्या गेल्या की ट्यूबांच्या जागी एलईडी पट्ट्यांचा संच बसवता येतो. पट्टी ५४० मिलिमीटरची येते, १९ इंची चौकोनी पडद्याची रुंदी ३७६, म्हणून ती कापावी लागते, आणि तीन-तीन एलईडींच्या गटाच्या खुणेवरच कापायची. मध्ये कापली तर तो गट मरतो. संचाबरोबरच्या छोट्या बोर्डाला १३ व्होल्टची लाइन, ऋण, आणि लॉजिक बोर्डाकडून येणाऱ्या चालू-बंदच्या व उजेडाच्या दोन तारा लागतात. चालू-बंदची तार तिथे न जोडता सरळ १३ व्होल्टला जोडणारे असतात. मग कॉम्प्युटर झोपला तरी पडदा रात्रभर उजळलेला राहतो. काढलेल्या ट्यूबांत थोडा पारा असतो, त्या न फोडता ई-कचऱ्यात द्यायच्या.